सुईवर तारीख नाही, हे सांगायचं कुणाला आणि कसं?

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पूर्ण केलं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि चार महिन्यांपासून नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. तीस खाटा. सकाळपाळीला आम्ही तिघी, रात्री एक किंवा दोघी. बऱ्याच पेशंटच्या इंट्राकॅथवर (सलाईन-इंजेक्शनसाठी शिरेत बसवून ठेवलेल्या सुईवर) तारीखच नसते. ती कधी लावली ते कुणाला माहीत नसतं आणि हात लाल होऊन सुजतो तेव्हाच लक्ष जातं. ओव्हर घेताना (पाळी बदलताना पेशंटची माहिती घेताना) एकदा मी हे बोलले, तर सिनियर सिस्टर म्हणाल्या, 'आधी काम शिक, मग सुधारणा कर.' कॉलेजात गुणवत्ता सुधारणेवर एक-दोन तास झाले होते, पण वॉर्डात त्याचं काय करायचं ते कळत नाही. नवीन मुलीने यात पडावं का? पडायचं तर सुरुवात कुठून करायची?
— एक नवी सिस्टर, नागपूर

उत्तर :

ताई, यात जरूर पडा. फक्त ओव्हरच्या वेळी बोलू नका. सकाळी आठला रात्रपाळीची सिस्टर बारा तास उभी राहून घरी निघालेली असते. तेव्हा 'तारीख का नाही?' हा प्रश्न तिला 'तू का नाही लिहिलीस?' असाच ऐकू येतो. तुमच्या सिनियर सिस्टरचं उत्तर कडक होतं, पण त्यातला एक भाग खरा आहे: वॉर्डाचं काम कसं चालतं हे नीट पाहिल्याशिवाय त्यात बदल सुचवता येत नाही. दुसरा भाग मात्र आम्हाला मान्य नाही. काम शिकणं आणि काम सुधारणं या दोन वेगळ्या इयत्ता नाहीत. नव्या माणसाला पहिले सहा महिने जे खटकतं, ते पुढे डोळ्यांना दिसेनासं होतं. म्हणून हे चार महिने तुमची अडचण नाहीत, तुमच्या हातातली जमेची बाजू आहेत.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. सुईच्या जागी पू आहे, पेशंटला थंडी वाजून ताप आलाय, शीर दोरीसारखी कडक लागतेय, असं दिसलं तर तो सुधारणेचा विषय राहत नाही. सलाईन थांबवा, डॉक्टरांना लगेच दाखवा, इंट्राकॅथ काढा, केस पेपरवर वेळ टाकून लिहा. त्या पेशंटसाठी मोजणीची वाट पाहायची नाही. खाली जे सांगतो ते उरलेल्या एकोणतीस खाटांसाठी.

मोजायचं काय, आणि कसं

'बऱ्याच पेशंटच्या' हा तुमच्या पत्रातला शब्द आधी आकड्यात बदला. बऱ्याच म्हणजे वीसपैकी पाच की पंधरा? हे माहीत नसेल तर उद्या सुधारणा झाली तरी कळणार नाही. मात्र गुपचूप मोजू नका. कोपऱ्यात उभं राहून वहीत काहीतरी लिहिणारी नवी मुलगी पाळत ठेवल्यासारखी वाटते, आणि एकदा तसा समज झाला की तो पुसत नाही. दुपारी एकच्या सुमारास, राउंड आणि औषधं आटोपल्यावर, इन्चार्ज सिस्टरांना एकटं गाठा आणि एवढंच विचारा: 'सिस्टर, इंट्राकॅथ कशा राहतात ते मी बारा दिवस लिहून बघू का? नाव कुणाचंच लिहिणार नाही, ना पेशंटचं ना स्टाफचं.' बहुतेक जणी हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर इन्फेक्शन कंट्रोल नर्सला भेटा. सुईच्या जागेचा संसर्ग हे तिचंच काम आहे आणि वॉर्डातून कुणी स्वतःहून माहिती आणून देणं तिला हवंच असतं.

वहीचं एक पान आडवं धरून रकाने पाडा: खाट क्रमांक, सुई कुठे लावली ते (कॅज्युअल्टी की वॉर्ड), तारीख-वेळ आहे की नाही, जागा डोळ्यांना दिसते की पट्टीने पूर्ण झाकली आहे, जागेचा गुण, आणि शेवटचा रकाना, 'सुईची आज गरज आहे का?' रोज एकाच वेळी, साडेआठच्या आसपास, फेरी मारा. वीस इंट्राकॅथला दहा-बारा मिनिटं लागतात. त्याहून जास्त लागत असतील तर रकाने जास्त झालेत, कमी करा. तुमच्या सुटीच्या दिवशी बॅचमधल्या एखादीला सांगून ठेवा, नाहीतर रविवारचा आकडा कायम रिकामा राहील आणि गडबड बहुधा रविवारीच असते.

जागेचा गुण देताना 'बरी', 'वाईट' असं लिहू नका. दोघींची 'बरी' वेगळी असते. शून्य ते पाचची फ्लेबायटिसची (शिरेला येणाऱ्या सुजेची) श्रेणी वापरा. काहीच नाही तर 0. सुईजवळ किंचित दुखतंय किंवा किंचित लाली आहे, तर 1. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन असतील तर 2, आणि इथे सुई काढून दुसरीकडे लावायची. शिरेच्या वाटेने दुखणं, लाली आणि जागा कडक लागणं तिन्ही असेल तर 3. त्यासोबत शीर दोरीसारखी हाताला लागली तर 4, आणि तापही असेल तर 5. सुरुवातीचे दोन दिवस एका सहकारी सिस्टरला बरोबर घेऊन त्याच दहा जागांना दोघींनी वेगवेगळे गुण द्या. निदान सात-आठ जागी गुण जुळायला हवेत; तसं झालं नाही तर श्रेणी पुन्हा एकत्र वाचा, मग मोजायला लागा.

'तारीख आहे' म्हणजे काय, हेही आधीच ठरवून घ्या. '12/5' एवढं लिहिलेलं चालेल की वेळही हवी? पुसट झालेली तारीख धरायची का? आमचं मत: दुसऱ्या माणसाला हातभर अंतरावरून वाचता आली तरच 'आहे'. हे ठरलं नाही तर बारा दिवसांनी कुणीतरी आकड्यांवरच वाद घालेल, आणि मूळ गोष्ट बाजूला राहील.

पेशंटशी बोलणं यातच येतं. आपल्याकडे गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे लोक येतात. काही जण दुखलं तरी सिस्टरला त्रास नको म्हणून गप्प राहतात. नुसतं 'ठीक आहे ना?' विचारलं तर मान हलवतात. सुईच्या वर चार बोटं हलकेच दाबा आणि 'इथं दुखून राहिलं का?' असं विचारा, हिंदीवाल्यांना हिंदीत विचारा. उत्तर चेहऱ्यावर दिसतं.

आकडे हातात आल्यावर

समजा बारा दिवसांत 216 नोंदी झाल्या आणि 97 वर तारीख निघाली, म्हणजे 45 टक्के. हा आकडा लगेच कुणाला दाखवायला नेऊ नका. आधी त्याला फोडा. उरलेल्या 119 पैकी 84 कॅज्युअल्टीतून आलेल्या असतील तर चित्रच बदललं. तुमच्या सिनियर सिस्टरांनी आळस केलेला नाही. सुई खालून तशीच वर येतेय आणि वॉर्डात पेशंट उतरवून घेताना तिच्याकडे बघण्याची कुठलीही ठरलेली वेळ नाही. आकडे फोडल्याशिवाय हे दिसलं नसतं, आणि तुम्ही चुकीच्या माणसाला बोलला असता.

मग एका पेशंटबरोबर कॅज्युअल्टीपासून खाटेपर्यंत चालत जा. प्रत्येक टप्प्याला घड्याळ बघून लिहा: सुई कोणी लावली, चिकटपट्टी कुठून घेतली, पेन होता का, ट्रॉली कोणी आणली, वॉर्डात सगळ्यात आधी काय केलं गेलं. असं चार-पाच पेशंटच्या बाबतीत केलं की कारणं आपोआप वर येतात आणि ती साधी असतात. बॉलपेन मायक्रोपोरवर (कागदी चिकटपट्टीवर) उमटत नाही. मार्कर ट्रेमध्ये नाही, ड्यूटी टेबलच्या ड्रॉवरमध्ये आहे. हातमोजे घातल्यावर खिशातला पेन काढता येत नाही. आणि नागपूरचा मे महिना: पारा 45 च्या पुढे, वॉर्डात कुलर, हवेत ओल, पेशंटला घाम. अशा हवेत कागदी मायक्रोपोर काही तासांत कडेने सुटतं, मग वरून दुसरी पट्टी लागते आणि तारीख खाली गाडली जाते. तारीख लिहिलेली होती, पण तुमच्या वहीत ती 'नाही' अशी पडली. हिवाळ्यात मोजलं असतं तर हे कारण सापडलंच नसतं.

प्रत्येक कारणाला 'मग असं का?' हा प्रश्न आणखी तीन-चारदा विचारा. उत्तरात माणसाचं नाव आलं की थांबा आणि तो प्रश्न पुन्हा नीट मांडा, कारण त्या जागी उद्या दुसरी कुणी असली तरी तेच होणार आहे.

एक पेशंट, एक पाळी, एक ट्रे

आता चार-पाच जणांची टोळी जमवा: इन्चार्ज सिस्टर किंवा त्यांनी सांगितलेली सिनियर, दुसऱ्या पाळीतली एक सिस्टर, एक इंटर्न किंवा रेसिडेंट, आणि वॉर्डातल्या मावशी. मावशींना विसरू नका. ट्रॉली त्याच आणतात, ट्रे त्याच धुतात, मार्कर कुठे जातो ते त्यांनाच ठाऊक असतं. या सगळ्यांनी मिळून उद्देश एका वाक्यात लिहायचा, ज्यात काय, किती आणि कधीपर्यंत हे तिन्ही असेल: 'वॉर्डातल्या तारीख-वेळ वाचता येणाऱ्या इंट्राकॅथचं प्रमाण सहा आठवड्यांत 45 वरून 85 टक्क्यांवर नेणं.' 100 लिहू नका. एक चुकली की सगळं फसलं असं वाटतं.

पहिला बदल फार छोटा ठेवा. फक्त तुमचा ट्रे, फक्त तुमची पाळी, एकच दिवस: ट्रेला दोऱ्याने बांधलेला एक मार्कर आणि आधीच कापून ठेवलेल्या दहा पट्ट्या. संध्याकाळी लिहा की काय झालं. दोरा आखूड पडला? पट्ट्या ओल्या झाल्या? मार्करचं टोपण हरवलं? मग दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा. ठरवा, करा, तपासा, सुधारा, हे चक्र कॉलेजात तुम्हाला पीडीएसए म्हणून शिकवलं असेल. चूक होते ती बहुतेक ठिकाणी एकच: पहिल्याच फेरीत संपूर्ण वॉर्डाला सर्क्युलर काढलं जातं. सर्क्युलर फसलं तर ते मागे घेणं कुणालाच जमत नाही. दोरा आखूड पडला तर बदलायला दोन मिनिटं लागतात.

पोस्टर आणि लेक्चर सगळ्यात शेवटी ठेवा, जमल्यास ठेवूच नका. ते माणसाच्या आठवणीवर विसंबतात, आणि रात्री तीनला, दोन ॲडमिशन एकदम आल्यावर, आठवण आधी जाते. जो बदल सामानात, जागेत किंवा रोजच्या सवयीत बसतो तो टिकतो. एक उदाहरण देतो. पेशंट उतरवून घेताना बीपी तर सगळ्याच घेतात. सलाईन चालू असलेल्या हाताला कफ बांधायचा नसतो, म्हणून मोकळा हात कोणता ते बघावंच लागतं. त्याच क्षणी सुईवर नजर टाकायची, तारीख नसेल तर केस पेपरवरची कॅज्युअल्टीची वेळ पाहून लिहायची आणि पुढे 'कॅ' हे अक्षर टाकायचं. नवीन काम काहीच वाढलं नाही, असलेल्या कामाला जोडलं.

हा 'कॅ' फार उपयोगाचा आहे. धावपळीत, हात नीट स्वच्छ न करता लावली गेलेली सुई शक्य तितक्या लवकर, 48 तासांच्या आत बदलावी, असा मान्य संकेत आहे. बाकी सुया किती दिवसांनी बदलायच्या ते तुमच्या रुग्णालयाच्या धोरणाप्रमाणे. कुठे 72 ते 96 तास धरतात, कुठे त्रास दिसला तरच बदलतात. धोरण कुठलंही असो, तारीख नसेल तर ते पाळता येत नाही.

तारखेच्या पुढचं कामही याच टोळीकडून होईल, पण एकेक करून. हँडरब (हातांचं सॅनिटायझर) 20 ते 30 सेकंद चोळणं, कातडीला लावलेलं औषध पूर्ण वाळू देणं, आणि पुसल्यानंतर शीर पुन्हा बोटाने न चाचपणं, या तीन गोष्टींवर सुईचं आयुष्य ठरतं. शीर जाड दिसली म्हणून हिरवी 18 नंबर लावायचा मोह होतो. साध्या सलाईन-अँटिबायोटिकला गुलाबी 20 किंवा निळी 22 पुरते, आणि शिरेत जितकी बारीक सुई तितकं रक्त तिच्या कडेने वाहत राहतं. कोपराच्या किंवा मनगटाच्या घडीत लावलेली सुई हात हलला की शिरेला घासते. औषधांचाही भाग आहे. पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची अँप्यूल म्हणजे 20 मिलीइक्विव्हॅलंट. ती कधीही थेट शिरेत द्यायची नसते. 500 मिलीच्या बाटलीत टाकल्यावर बाटली उलटसुलट करून नीट मिसळा, आणि मॉनिटर नसलेल्या वॉर्डात ती दोन तासांच्या आत संपता कामा नये. 20 थेंबांच्या (एका मिलीला 20 थेंब) सेटवर याचा अर्थ मिनिटाला 80 थेंबांच्या वर जायचं नाही. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण बनतात. प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर नॉर्मल सलाईनने फ्लश. गुण 2 च्या वर गेलेल्या जागांपुढे कुठलं औषध चालू होतं ते वहीत लिहीत गेलात, तर दोन महिन्यांत तुमच्या वॉर्डाचा खरा त्रास कुठे आहे ते कळेल.

आणि 'गरज आहे का?' हा शेवटचा रकाना. आमच्या मते संपूर्ण पानावर सगळ्यात मोलाचा तोच आहे. पेशंट जेवतो, चालतो, गोळ्या गिळतो आणि तरी दिवसातून एकदा ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलसाठी हातात सुई घेऊन बसलेला असतो. राउंडला रेसिडेंटला एवढंच विचारा: 'सर, खाट 14 ची सुई काढू का? इंजेक्शन गोळीवर नेता येईल का?' नसलेल्या सुईला तारीख लागत नाही आणि सूजही येत नाही.

आलेख

शाळेतला चौकटीचा कागद पुरे. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर टक्के, रोजचा एक ठिपका. पहिल्या बारा दिवसांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, सहाव्या आणि सातव्याची सरासरी काढा आणि त्या उंचीवर सरळ रेष ओढा. ही तुमची मध्यरेषा. जिथे बदल केला त्या दिवशी बाण करून लिहा, 'मार्कर बांधला'. त्यानंतर सलग सहा किंवा जास्त ठिपके रेषेच्या वर पडले, तर बदल खरा. एक-दोन दिवस वर गेले म्हणून पेढे वाटू नका, एक-दोन दिवस खाली आले म्हणून खचू नका. कुणीतरी मोजतंय हे कळल्यावर पहिले काही दिवस सगळेच जास्त काळजीपूर्वक वागतात, त्याला सुधारणा समजू नका.

सोबत दोन ओळी आणखी ठेवा. एक, आठवड्यात किती जागा गुण 2 किंवा वर गेल्या. कारण तारखा 90 टक्के झाल्या आणि हात तसेच सुजत राहिले तर आपण फक्त लेबलं सुधारली. दुसरी, दिवसात किती जणांना पुन्हा टोचावं लागलं. तारीख बघून उगाच सुया बदलायला लागलो तर पेशंटचा त्रास वाढेल, तो दिसला पाहिजे.

रोजच्या ठिपक्याखाली त्या पाळीत किती सिस्टर आणि किती पेशंट होते तेही लिहा. उन्हाळ्यात उष्माघाताचे पेशंट वाढून स्टाफ दुसरीकडे गेला की तुमचा आलेख घसरेल. मनुष्यबळ कमी आहे हे दुखणं मार्करने बरं होत नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. पण 'दोघी होतो तेव्हा 60, चौघी होतो तेव्हा 88' हे कागदावर असलं तर मेट्रन मॅडमना वर मागणी करताना हाताशी काहीतरी असतं.

कागद, फोटो आणि नावं

सुजलेल्या हाताचा फोटो मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकू नका, चेहरा दिसत नसला तरी. वही वॉर्डातच कुलपात ठेवा. पाळीनुसार आकडे भिंतीवर लावू नका, कारण पाळी सांगितली की माणूस कळतो. वॉर्डाच्या कामासाठीची ही मोजणी मेट्रन आणि इन्चार्ज यांच्या परवानगीने चालते. पुढे परिषदेत मांडायची किंवा छापायची इच्छा असेल तर सुरुवातीलाच एथिक्स कमिटीला विचारा, नंतर परवानगी मागता येत नाही.

रुग्णालय सरकारी असेल तर तिथे बहुधा राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आणि कायाकल्पची (स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणाची सरकारी योजना) तपासणी असते, खासगी असेल तर बहुधा एनएबीएचची (रुग्णालयांना मान्यता देणारं मंडळ). या तपासणीत सुधारणेचे पुरावे मागतात आणि फायलीत अनेकदा फक्त मिटिंगची हजेरी असते. तुमचा चौकटीचा कागद तिथे खूप वजनदार ठरेल. मात्र तपासणीसाठी म्हणून तो 'सुंदर' करायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या.

बदली झाली तर

तीन महिन्यांनी तुम्ही सर्जरीला जाल, इंटर्न तर त्याआधीच बदलतील. म्हणून 85 टक्क्यांवर पोचलात की रोजची मोजणी थांबवा आणि दर सोमवारी वीस जागा बघायचं ठरवा. ओव्हरच्या रजिस्टरमध्ये एक रकाना कायमचा छापून घ्या. नव्या इंटर्नच्या पहिल्या दिवशी ट्रे हातात देऊन पाच मिनिटांत दाखवा. मार्कर संपला तर नवा कुठून येणार, हे इंडेंटमध्ये (स्टोअरकडे सामान मागायच्या यादीत) बसवा: महिन्याला किती लागतात ते मोजून तेवढे. बरेचसे चांगले बदल मार्कर संपल्यामुळे बंद पडलेले असतात.

सिनियर सिस्टरांकडे परत जाल तेव्हा आलेख घेऊन जा, आणि आधी त्यांचंच मत विचारा: 'सिस्टर, कॅज्युअल्टीतून आलेल्यांचीच तारीख राहून जाते असं दिसतंय. तुम्ही असत्या तर कुठून सुरू केलं असतं?' त्यांनी सांगितलेला बदल तुमच्या यादीत नसला तरी एक दिवस, एका ट्रेवर करून बघा आणि ठिपका टाका. इन्चार्ज सिस्टरांना विचारून झालं असेल तर पहिली फेरी या सोमवारी साडेआठला लावता येईल.